परत येण्याचा पुरावा

"मॅडम, तुम्ही परत येणार याला पुरावा काय?"

ऋषिराजनं हे विचारलं आणि मला हसू फुटलं. ऋषिराज म्हणजे सांगलीत विश्रामबागेकडे व्हिसाची कामं करून देणारा माणूस. त्याच्या ऑफिसात भिंतीवर वेगवेगळ्या देशांची वेळ दाखवणारी घड्याळं लावलेली आहेत, त्यांतली बरीचशी बंद पडलेली. मी का हसते ते बिचाऱ्याला कळेना. त्याला काय माहीत, आमच्या घरात माझ्यावर जन्मापासून उलटाच खटला चालू आहे! मी जाणार, मी जाणारच, मी अजून कशी गेले नाही, हे सिद्ध करण्यात अख्खी भावकी खपली. दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा आत्या पेढा खाताखाता म्हणाली होती, "हुशार हाय, पर उपेग काय? दुसऱ्याचं घर उजळणार." आणि आता साता समुद्रापलीकडचा कुणी साहेब म्हणतोय की ही बाई एकदा गेली की परत येईल कशावरून? आमच्या भावकीला विचारा म्हणावं. ते सांगतील, गेलेली बाई परत आली तर दिवाळीला, तीही दोन दिवसांसाठी.

मी संयोगिता. गाव कोरेगावजवळ, नोकरी सांगलीत. नोकरी म्हणजे काय, तर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवीन तेवढ्याचे पैसे, आणि सुट्टी लागली की मला सरकारतर्फे उपास. लग्न केलेलं नाही. माझा विषय गवत. आटपाडीकडच्या माळांवर गेली काही वर्षं मी गवताचं बी गोळा करत फिरते. तिकडच्या मेंढपाळांना त्याचं काही वाटत नाही, कारण त्यांच्या मेंढ्याही तेच करतात. आमच्या घरी मात्र "गवतावर पीएचडी" हे शब्द उच्चारले की पाहुणे विषय बदलतात.

तर एका थंड देशातल्या विद्यापीठानं गवताचं बी जपून कसं ठेवायचं हे शिकवणारा आठ आठवड्यांचा वर्ग काढला, आणि सगळ्या जगातून निवडलेल्या मोजक्या लोकांत माझं नाव आलं. जाणं-येणं, राहणं, खाणं सगळं त्यांच्याकडून. देशाचं नाव सांगत नाही, त्यांच्याशी वाकडं घेऊन मला परवडायचं नाही. पत्र आलं त्या दिवशी मी एकटीच खोलीत उभी राहून नाचले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गवताला गवत म्हणून विचारत होतं.

आता अडलं होतं ते फक्त व्हिसाचं. ऋषिराजनं पेन उघडलं.

"मिस्टर?"

"नाहीत."

"मुलंबाळं?"

"मिस्टर नाहीत म्हटलं ना."

"हां, सॉरी. नोकरी परमनंट?"

मी तासिका तत्त्व समजावलं. त्याचा चेहरा पडला. "स्वतःचं घर?" भाड्याची खोली. "मग जमीन? तुम्ही कोरेगावकडच्या. ऊस, आलं, काहीतरी असेलच की."

"होती."

"होती म्हणजे?"

"मागच्या वर्षापर्यंत."

मागच्या वर्षी आबा गेले. माझे वडील, लालासाहेब. त्यांच्या मागं जमिनीला आई, माझा थोरला भाऊ वीरधवल आणि मी अशी तिघांची नावं लागली. ती लागली आणि महिन्याभरात दोन पुसलीही गेली. आई आणि मी, दोघींनी दादाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडला तर त्याला व्यवहार म्हणत नाहीत, माया म्हणतात. सोडते ती गुणाची. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं, आणि तिची गोष्ट चार गावांत नव्या सुनांना सांगतात. मी गुणाची निघाले. दादानं त्या दिवशी आम्हा दोघींना कोरेगावात मिसळ खाऊ घातली, आणि भाऊबीजेला मला पैठणी दिली. जमिनीबद्दल घरात मला कुणी काही विचारलं नव्हतं, पण पैठणीचा रंग मात्र आधी फोन करून विचारला होता. उगाच खोटं कशाला बोलू?

"मग मागून घ्या थोडी," ऋषिराज म्हणाला. "नुसती दाखवायला. पेपरवर."

शेजारणीकडून विरजण मागून आणावं इतक्या सहज तो बोलला. सांगलीचा माणूस, आमच्या दादाला कधी भेटलेला नाही.

शनिवारी कोरेगावला एसटीतून उतरले, तर स्टँडबाहेर मीच लटकत होते. म्हणजे फ्लेक्सवर. 'आमच्या भगिनी कु. संयोगिता यांची परदेशात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल भव्य नागरी सत्कार. निमंत्रक: वीरधवलदादा मित्रमंडळ.' निमंत्रकाचा फोटो बैलगाडीच्या चाकाएवढा आणि माझा अंगठ्याएवढा, त्यातही माझे डोळे मिटलेले. गावच्या सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. दादा उभा होता, आणि समोरच्या पॅनेलच्या पुढाऱ्याचा मुलगा पुण्यात मोठा इंजिनिअर होता. तेव्हा दादाला परदेशातलं कुणीतरी तातडीनं हवं होतं, आणि घरात मी होते. माझी निवड अशी एकाच महिन्यात दोनदा झाली.

रात्रीच्या जेवणाला आबांचे धाकटे भाऊ नानाही होते. नानासो फौजेतून सुभेदार होऊन परत आले, पण पूर्ण परत आले असं म्हणता येणार नाही. अजून अधूनमधून हिंदीत हुकूम सोडतात. राजस्थानच्या सरहद्दीवर होते, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकायची सवय त्यांना तिथूनच लागली असणार.

"दादा, व्हिसा मिळंलच असं न्हाई बरं का," मी म्हटलं.

दादाचा घास हातातच राहिला. "म्हंजी? आगं, मांडव सांगितलाय. हार सांगितल्यात."

"मी परत येईन याचा पुरावा मागतायत ते."

"हात्तिच्या! मी देतो की लिवून."

"लिहून भागत न्हाई. माझ्या नावावर जमीन दाखवायला लागती."

पूजावहिनीचं लाटणं पोळपाटावर थांबलं. आई ताटात बघत राहिली. पंखा तेवढा फिरत होता, कारण त्याच्या नावावर काही नव्हतं आणि जायचंही काही नव्हतं.

"गवत शिकाया जमीन कशाला लागती गं?" दादा शेवटी म्हणाला. "आन् गवतच शिकायचंय तर आपल्या बांधावर काय कमी हाय व्हय?"

"मग सत्कार रद्द करूया," मी म्हटलं. मी इतकी साळसूद कधीच दिसले नसेन.

दादाचं धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय असं झालं. सत्कार मोडावा तर गावात शोभा, आणि जमीन द्यावी तर जमीन जाते. तो वहिनीकडे बघायला लागला आणि वहिनी तव्याकडे. मग नानांनी मिशीवरून हात फिरवला.

"वीरू, टेन्शन नहीं लेने का. ही टेम्पररी पोस्टिंग समज. बक्षीसपत्र करायचं, जमीन संयूच्या नावावर चढवायची. मिशन झालं की संयू तुला उलटं बक्षीसपत्र करून देती. बात खतम."

"आन् नाही दिली तर?" वहिनी म्हणाली आणि लगेच माझ्याकडे वळली. "तुमचं न्हवं वन्सं, आपलं जनरल इचारलं."

मग कुठला तुकडा द्यायचा यावर चर्चा झाली. विहिरीजवळचा नको, तिथं आलं आहे. रस्त्याकडेचा नको, त्याला उद्या भाव येईल. ओढ्याकडचा नको, तिथं म्हसोबा आहे. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण गाय निवडतानाच बोळकी बघून निवडली तर मोजायचं तरी काय? शेवटी खडकीवर सगळ्यांचं एकमत झालं. खडकी म्हणजे आमचा डोंगराकडेचा माळ. तिथं कुदळ मारली तर ठिणगी उडते. आबांनी एकदा हुलगा नुसता फेकून बघितला होता, तो उगवायलाही लाजला. वीस गुंठ्यांच्या खाली तुकडा नोंदवता येत नाही असं तलाठ्यानं सांगितलं म्हणून वीस, नाहीतर दादा पाचावर अडून बसला होता.

"शब्द दे," दादा म्हणाला. "आलीस की पयलं काम, सही."

"दिला," मी म्हटलं. खरंच दिला. मला तो वर्ग हवा होता, त्या खडकाचं मी काय करणार होते?

बक्षीसपत्र झालं, फेरफार झाला, आणि सातबाऱ्यावर माझं नाव पुन्हा चढलं. मग आमच्या घरात एक चमत्कार सुरू झाला. जी मुलगी जाणार हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, ती इथून हलूच शकत नाही हे सिद्ध करायला सगळे कंबर कसून लागले.

ऋषिराजला शेतातले फोटो हवे होते. खडकीत काढले असते तर साहेबानं कळवळून वर्गणीच पाठवली असती. म्हणून मला दादाच्या आल्यात उभं केलं. डोक्याला पदर, हातात खुरपं. वहिनीनं माझ्या गालाला माती लावली, मग लांबून बघून थोडी पुसली. नाना ओरडत होते, "नॅचरल! नॅचरल!" मी इतकी अनैसर्गिक कधीच दिसले नव्हते.

मग दादाचं पत्र. मजकूर ऋषिराजचा, इंग्रजीत, खाली सही दादाची. त्याचा मराठी अर्थ असा: 'माझ्या बहिणीचा या जमिनीवर अतोनात जीव आहे. ती या जमिनीपासून फार काळ दूर राहू शकत नाही. या जमिनीची ती एकटी मालक असून माझा तिच्यात कोणताही हक्क नाही.' मी हे वाचून दाखवलं तेव्हा दादा मान डोलावत ऐकत होता. "झकास लिवलंय," म्हणाला, आणि झोकात सही ठोकली. स्वतःच्या बहिणीबद्दल इतकं चांगलं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता, आणि तेही त्याला न येणाऱ्या भाषेत.

साहेबाच्या कचेरीतून चौकशीचा फोनही येऊ शकतो, असं ऋषिराज बोलून गेला होता. झालं! दादानं सगळ्यांना पढवून ठेवलं. अनोळखी नंबर दिसला की घरात एकदम शांतता. दोनच दिवसांत एक फोन आला, वहिनीनं उचलला आणि समोरच्याला बोलूच दिलं नाही. "जमीन वन्संचीच हाय साहेब. आमी कोण न्हाई तितं. वन्सं रोज शेतात असत्यात. त्यांना करमतच न्हाई शेताबिगर." मग तिला दम लागला म्हणून नानांनी फोन घेतला. "जमीन उसकी है साहब, हम तो सिर्फ देखभाल करते हैं. जयहिंद!" फोन कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या कुठल्याशा पोरीचा होता. ती घाबरून म्हणाली, मग मॅडमना ट्रॅक्टरसाठी कर्ज हवंय का?

आम्ही पोट धरून हसलो, दादासुद्धा. खोटं कशाला बोलू, ते दिवस छान होते. घरात मला कुणी इतकं धरून ठेवलं नव्हतं कधी.

दुसऱ्या दिवशी मी खडकीत गेले, लहानपणानंतर पहिल्यांदाच. आई म्हणाली, मीबी येती. माझी आई साळूबाई. आमच्या पाच एकरांतलं एकही ढेकूळ असं नसेल जे तिनं हातानं फोडलं नसेल. आम्ही दोघी चढून गेलो. पाऊस नुकताच संपला होता आणि सगळा माळ कमरेपर्यंत गवतानं भरला होता. मी खाली बसले, लोंब्या बघायला लागले आणि बघतच राहिले. नांगर कधी लागला नाही म्हणून तिथं जे टिकलं होतं, त्यातलं निम्मं मला आटपाडीच्या माळांवरही मिळालं नव्हतं. मी उठून इकडून तिकडे धावत होते, पिशव्या भरत होते. ज्याच्यासाठी मी मुलूख पालथा घातला, ते आमच्याच माळावर उभं होतं. आणि त्या माळाच्या सातबाऱ्यावर माझं नाव होतं. तोवर ते नाव मला विनोदच वाटत होतं.

आई दगडावर बसून बघत होती. "संयू," तिनं विचारलं, "सातबाऱ्यावर नाव असलं की कसं वाटतं गं?"

"तुझं होतं की आबांच्या मागं. तुला कसं वाटलं?"

"मला कुटं कळलं? लागलं आन् गेलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चल, ऊन चढतंय."

सत्कार दणक्यात झाला. व्हिसा मिळायच्या आतच झाला, कारण मतदान आधी होतं. दादानं भाषणात सांगितलं की आपण मुलगी आणि मुलगा यांत कधी भेद केला नाही, आणि याचा पुरावा ज्याला पाहिजे त्यानं तलाठ्याकडे जाऊन सातबारा बघावा. टाळ्या पडल्या. बायकाही टाळ्या वाजवत होत्या. मला शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दादा निवडून आला.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं.

ऋषिराजनं ते मला वाचून दाखवायला सुरुवात केली, मग म्हणाला, "तुम्हीच वाचा मॅडम." साहेबानं फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. तुमच्यावर अवलंबून कुणी नाही. तुमची नोकरी कायम नाही. तुम्ही दाखवलेली जमीन अर्जाच्या काहीच आठवडे आधी तुम्हाला भेट मिळालेली आहे आणि ती केवळ या अर्जापुरती दिली गेली असावी. त्यामुळे तुमच्या देशात तुम्हाला परत आणील असं तुमचं काही आहे, याबद्दल माझी खात्री पटत नाही.

साहेब हुशार. इतक्या लांब बसून, एकदाही कोरेगाव न बघता, त्यानं आमचं घर बरोबर ओळखलं. म्हणजे मराठीत, 'तुमच्या देशात तुमचं काही नाही.' हे वाक्य मी ऋषिराजच्या जिन्यात उभी राहून पुन्हा वाचलं आणि मला रडू आलं. थट्टामस्करी करून बरंच काही पचवता येतं, हे पचेना. वर्ग तर गेलाच. पण मला खरं लागलं ते हे, की साहेबाचं काही चुकलं नव्हतं.

घरी फोन केला. दादा म्हणाला, "जाऊ दे गं. तितं लय थंडी असती." निवडणूक झाली होती, तेव्हा त्याला थंडी आठवली. मग म्हणाला, "मग ते कागुद कवा उरकायचं? सोमवारी ये. सुट्टी काडून ये."

"मी परत आले की, असं ठरलं होतं ना?"

"आगं, गेलीच न्हाईस तर परत काय येणार? आन् साहेबानंच लिवलंय की, जमीन तुजी धरता येत न्हाई म्हणून. इंग्रजीत लिवलंय!"

माझ्या जन्मात दादानं इंग्रजी कागदाला एवढा मान दिलेला मी पाहिला नव्हता. त्यानं माझ्याकडून त्या पत्राचा फोटो मागवून घेतला आणि म्हणे भावकीत चौघांना दाखवला. मी सोमवारची सुट्टी काढली. शब्द दिला होता. आमच्या घरात बायकांच्या नावावर जमीन नसते, शब्द तेवढे असतात, आणि ते आम्ही पाळतो.

सोमवारी कोरेगावच्या नोंदणी कार्यालयात गेलो. दादा, नाना, आई आणि मी. आई आणि नाना साक्षीला. गर्दी होती. बाकावर आमच्या शेजारी तीन बहिणी बसल्या होत्या, नव्या साड्या नेसून, आणि त्यांचा भाऊ सगळ्यांसाठी उसाचा रस घेऊन आला. त्यांचा कागद कसला ते मी विचारलं नाही. मी सही करायलाच आले होते, हे मला स्वच्छ सांगायचंय. घरून काही ठरवून निघाले नव्हते. उलट लवकर उरकलं तर दुपारची सांगलीची गाडी मिळेल, हा हिशेब मनात चालू होता.

आमचा नंबर आला. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी माझं नाव वाचलं, मिळकतीचं वर्णन वाचलं, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. मग मान वर न करता, दिवसातून शंभर वेळा विचारतात तसं त्यांनी विचारलं, "स्वखुशीनं देताय ना?"

आता खरं बघायला गेलं तर हा काही प्रश्न नव्हे. त्यावर "हं" म्हणायचं असतं आणि अंगठा पुढं करायचा असतो. दादानं अंगठ्याच्या मशीनकडे हातही दाखवला. पण मला एकदम जाणवलं, की या सगळ्या भानगडीत माझ्याबद्दल प्रत्येकानं काही ना काही लिहून दिलं. दादानं दिलं, ऋषिराजनं दिलं, तलाठ्यानं दिलं, साहेबानं दिलं. माझी खुशी आहे का, हे विचारणारी ही पहिलीच बाई, आणि तीही सरकारी पगारावर.

"नाही," मी म्हटलं. "माझी खुशी नाही. मला ही जमीन द्यायची नाही."

बाईंनी मान वर केली. "मग आलाय कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"मॅडम, लडकी थकी हुई है," नाना पुढे झाले. "आप लिखो, लिखो."

"असं लिखो लिखो होत नाही, आजोबा. त्या नको म्हणतायत, दस्त होणार नाही." त्यांनी आमचे कागद उचलून बाजूला ठेवले. "पुढचे कोण?"

दादा माझा हात धरून मला बाकापाशी घेऊन आला. त्याचा आवाज हळू होता, आणि तो हळू बोलतो तेव्हाच मला भीती वाटते. "शब्द दिलावतास तू."

"दिला होता. मोडला."

"व्हिसा न्हाई, काय न्हाई, मग पायजे कशाला तुला त्यो खडक?"

"दादा, तूच लिहून दिलंयस की माझा त्या जमिनीवर जीव आहे. त्या वेळी नव्हता. आता आहे."

"माहेर तुटंल संयू. इचार कर. आज जाशील त्या गाडीनं, परत आमच्या दारात पाय ठिवू नगंस."

हे दादा खरं करून दाखवेल, भाऊबीजेला दार लावून घेईल, हे मला ठाऊक होतं. मी नाही म्हटलं ते काही शूर आहे म्हणून नव्हे. मला फक्त इतकं कळत होतं, की पुन्हा कधी कुणी साहेब मला विचारेल, तुझं इथं काय आहे, तेव्हा मला खोटे फोटो काढायचे नव्हते.

"आई, चल गाडीत," दादा म्हणाला आणि किल्ली वाजवत दारापर्यंत गेलाही. नाना त्याच्या मागं गेले.

आई उठली नाही. ती त्या टेबलाकडे बघत होती, जिथं आता त्या तीन बहिणींतली थोरली कॅमेऱ्यासमोर बसली होती. मग आई उठली, पण दाराकडे गेली नाही. टेबलाशी जाऊन तिनं पदर सारखा केला.

"आवं बाई," तिनं विचारलं, "असं न्हाई म्हणता येतं व्हय?"

"येतं की, मावशी. त्यासाठीच विचारतो आम्ही."

"आई!" दादा दारातून ओरडला. टेबलापुढची ती थोरली बहीण अंगठा अर्ध्यावर धरून आईकडे बघायला लागली.

"न्हाई, मागल्या साली मलाबी इचारलंवतं हितंच," आई म्हणाली. "मला वाटलं, व्हयच म्हणायचं असतंय."